लपणाऱ्याचा डबा

आमच्या घरात हिंदी ही कुत्र्यांची भाषा होती. माणसांशी मराठी, म्हशीशी शिव्या आणि कुत्र्यांशी हिंदी, अशी वाटणीच झालेली होती. तात्या, म्हणजे माझे वडील, पलटणीत कुत्र्यांच्या तुकडीत होते. पेन्शनीवर गावी, अंथुर्ण्याला, परत आले ते एक पत्र्याची ट्रंक, चामड्याचे पट्टे, एक पितळी शिट्टी आणि ‘बैठ’, ‘ढूँढ’, ‘छोड’ असले हुकूम घेऊन. आईचा संसार तोवर पत्रांवर आणि सुट्ट्यांवर चाललेला. नवरा कायमचा घरी आला याचा तिला आनंद झाला, पण त्याच्या मागोमाग घरात कुत्री आली, याची कल्पना तिला कुणी दिली नव्हती. तिनं तो राग फार दिवस धरला नाही, पण सोडलाही नाही. जेवताना तात्या पलटणीच्या गोष्टी लांबवायला लागले, की ती भाकरी वाढता वाढता हळूच ‘बैठ’ म्हणायची आणि तात्या खरोखर गप्प व्हायचे.

आमची वस्ती कालव्याला लागून होती. पहाटे आधी कुत्री उठायची, मग आई, मग कारखान्याचा भोंगा. भाकरी थापण्याचा आवाज आणि कुत्र्यांचं भुंकणं यांची मला इतकी सवय झाली होती, की पुढे लग्न होऊन बारामतीत आले तेव्हा पहिले कित्येक दिवस सकाळ झाली हेच मला कळायचं नाही. तात्यांकडे येणारी कुत्री बहुतेक दुसऱ्यांची असायची. हायवेवरचे पेट्रोल पंपवाले, पोल्ट्रीवाले, द्राक्षबागायतदार असे लोक आपलं कुत्रं आणून सोडायचे, तात्या ते राखणीला तयार करायचे आणि परत द्यायचे. बारावीला इंग्रजीनं मला घरी बसवलं होतं, त्यामुळे पट्टा धरायला मी आयतीच सापडले. पोरगी दिवसभर कुत्र्यांमागं पळते, ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. एका स्थळाच्या बाईनं आईला विचारलं, “मुलीला कुत्री चावत न्हाईत का?” आई म्हणाली, “तिनं बी अजून कुणाला चावलं न्हाय.” ते स्थळ परत आलं नाही. मला काही वाईट वाटलं नाही. मुलगा कुत्र्याला भिणारा होता, हे मी चहा देतानाच पाहिलं होतं.

घरामागच्या पडीक रानात तात्यांनी बांबू आणि उसाच्या पाचटाच्या सहा खोपी उभ्या केल्या होत्या, तीन इकडे, तीन तिकडे. तोंडं सगळ्यांची पलीकडे, म्हणजे कुत्रं सोडतो त्या बाजूनं आत कोण आहे ते दिसू नये. एका खोपीत माणूस लपायचा. मी पट्टा सोडायची, तात्या ‘ढूँढ’ म्हणायचे आणि कुत्र्यानं डावी-उजवी करत एकेका खोपीला वळसा घालत माणूस शोधायचा. इथवर सोपं. अवघड ते पुढंच. माणूस सापडला, की त्याला तोंड न लावता समोर उभं राहून भुंकत राहायचं, आम्ही पोचेपर्यंत. तो पळाला किंवा त्यानं हात उगारला तरच धरायचं. “चावायला काय, गावातलं खरजुलं कुत्रं बी चावतंय,” तात्या म्हणायचे. “सापडलेल्या मानसाला न चावनं ह्याला शिक्षन म्हनत्यात.” हल्ली बारामतीत माझ्या नातवाच्या कुत्र्याला शिकवायला एक मुलगा मोटरसायकलवर येतो. तो कुत्र्याला शेकहँड करायला शिकवून गेला. मी त्याच्या चहात साखर कमी घातली.

लपणारे आमचे इस्माईलचाचा. त्यांचा भिगवण रस्त्याला गाद्या-रजया भरायचा धंदा. कुत्र्यानं धरायची जाड बाही तात्यांनी त्यांच्याकडूनच शिवून घेतली होती: आत ट्यूबचं रबर, मध्ये जुन्या रजईचा दाबून भरलेला कापूस, वर सुतळीचं पोतं. ती द्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, “घालनार कोन?” तात्यांना तोवर गावात कुणी माणूस मिळाला नव्हता. चाचा म्हणाले, “मीच घालतो, हवालदार. शिवलीय मी, तर कुठं उसवंल ते मलाच आधी कळंल.” ते दिसायला काडीपैलवान, पण हिंमत दांडगी. दुकान पोरावर सोपवून आठवड्यातले तीन-चार दिवस ते कालव्याच्या कडेनं वाकून वाकून खोपीत जाऊन बसायचे. कुत्र्यांनाही लबाडी जमते. दोनदा माणूस शेवटच्या खोपीत सापडला, की तिसऱ्यांदा ते बाकीच्या न बघता थेट तिकडेच धावतं. म्हणून चाचा रोज खोप बदलायचे आणि कधीकधी उन्हात कितीतरी वेळ नुसते बसून राहायचे.

आईला हे बघवेना. आपल्या रानात राबायला आलेला माणूस उपाशी बसतो म्हणजे काय? कुत्रं त्याला शोधणार आहे की वाघ, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती त्यांना ‘लपता पाहुणा’ म्हणायची आणि पाहुण्याला डबा द्यायची. भिगवणहून लुनावर मासेवाला यायचा. त्याच्याकडची चिलापी घेऊन, मसाला लावून, तव्यावर कडक तळून ती दोन भाकऱ्यांच्या घडीत घालायची. तात्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण मैदानात खाणं नेऊ नये हा त्यांचा पहिला कायदा होता. राखणीचं कुत्रं परक्याच्या हातचं खायला लागलं की ते संपलं, हे ते येईल त्याला सांगायचे. त्यामुळे डबा चुलीपासून कालव्यापर्यंत पदराखालून जायचा. मी बघायची, पण मला कुणी विचारत नव्हतं आणि मीही आपणहून सांगायला गेले नाही.

अशात बादल आला. डाळजच्या जयवंतरावांच्या पोल्ट्रीवरचा काळा-तपकिरी अल्सेशन. पोल्ट्रीवर काम करणाऱ्या नामदेव नावाच्या माणसाची पोटरी त्यानं फोडली होती; नामदेव दाणे घालायला नेहमीच्या वेळेऐवजी अंधारात आत गेला, एवढंच निमित्त. जयवंतराव जीपमधून उतरले आणि लांबूनच म्हणाले, “तात्या, महिन्याभरानं येतो. सुधारलं तर नेतो. न्हायतर डॉक्टरला बोलवून इंजेक्शन. मला मानसं संबाळायची हायेत.” त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. पण त्यांची जीप गेली आणि बादल मागच्या धुळीकडे बघत उभा राहिला, तशी मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. कुत्र्यावर जीव लावू नकोस, ते आपलं नसतं, हे तात्या मला दर कुत्र्याच्या वेळी सांगत. मी दर वेळी व्हय म्हणायची.

बादल माणूस झटक्यात शोधायचा. खोपींना वळसे असे देखणे घालायचा, की तात्या मिशीत हसायचे. पण माणूस दिसला की भुंकणं वगैरे नाही, सरळ बाही धरायचा आणि ‘छोड’ म्हणून तात्यांचा घसा बसला तरी सोडायचा नाही. चाचांच्या खांद्याला रग लागायची. पंधरवडा असाच गेला. आणि एक दिवस खोपीतून भुंकणं ऐकू आलं. खणखणीत, एका लयीत. आम्ही पोचलो तर चाचा उभे आणि समोर बादल बसलेला, जीभ बाहेर. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. तात्यांनी त्या संध्याकाळी आईला पलटणीतली एक जुनी गोष्ट पुन्हा सांगितली आणि आई ‘बैठ’ म्हणाली नाही. माणूस खुशीत होता. मलाही वाटलं, सुटला बिचारा.

मग रमजान सुरू झाला. पहिल्या रोज्याला चाचा नेहमीसारखे आले, आईचा डबा तेवढा हात जोडून परत केला. त्या दिवशी बादल खोपीत शिरला, भुंकला नाही, आणि बाहेर येऊन इकडेतिकडे हुंगत थेट आमच्या चुलीकडे गेला. तात्यांनी त्याला परत आणून सोडला. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी त्यानं चाचांच्या भोवती एक फेरी मारली आणि बाही धरली. पहिल्यासारखी. पोतं फाटून कापूस बाहेर आला.  रात्री तात्या नीट जेवले नाहीत. “ह्याच्या डोस्क्यात पुन्हा चावनं आलं,” एवढंच म्हणाले. जयवंतराव यायला आठवडा राहिला होता.

मी चुलीशी बसून आईला हे सांगत होते आणि आई मासा परतत होती. सांगता सांगता माझी नजर तव्यावर गेली आणि मी बोलायची थांबले. आईनं माझ्याकडे बघितलं, मग तव्याकडे. “अगं बया,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी चाचा येताच तिनं त्यांना कालव्यावर गाठलं. चाचांनी लगेच कबूल केलं. “व्हय वैनी, देत होतो. एकदा घास हातात आन हे म्होरं आलं. कुनी बघत बसलंय आन त्याला न देता आपन गिळायचं, मला जमत न्हाय. म्या तुकडा टाकला, तर बसलं. मग रोजच बसून घासासाठी भुकाया लागलं.” म्हणजे तात्यांच्या पलटणीनं जे शिकवलं नव्हतं, ते चिलापीनं शिकवलं होतं.  रोजेदार माणसाला डबा धर म्हणायला आईची जीभ रेटेना. तेव्हा चाचांनीच हात पुढे केला. “आना हिकडं. रोजा माज्या तोंडाला हाय, डब्याला न्हाय.”

तो उन्हाळा होता. माणूस पहाटेपासून पाण्याच्या थेंबाशिवाय आणि मांडीवर तळलेला मासा. मी त्यांना एकदा विचारलं, “चाचा, वास सहन होतो का ओ?” ते म्हणाले, “वास बी रोजाच हाय, असं समजतो.” बादल पुन्हा भुंकायला लागला. पण वास लपत नाही. चौथ्या दिवशी तात्या चाचांच्या जवळून जाताना थांबले, नाक वर केलं आणि म्हणाले, “इस्माईल, रोजेदाराच्या अंगाला माशाचा वास कसा रं?” चाचा काही बोलायच्या आत आईच पडवीतून खाली उतरली आणि म्हणाली, “म्या दिलाय डबा. पयल्या दिसापास्नं देतीय.”

तात्यांचा असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. “अगं, राखनीचं कुत्रं हाय ते! उद्या चोर भाकरी टाकंल आन कोंबड्या घिऊन जाईल!”

“चोरानं कोंबड्या नेल्या तर कोंबड्या जात्याल,” आई म्हणाली. “ह्यो चावला तर ह्याचा जीव जाईल. तुमीच सांगा, कुनाची राखन करायची हाय.”

तात्यांनी बाहीचं उसवलेलं तोंड चिमटीत धरून बघितलं. मग ती चाचांकडे देऊन म्हणाले, “शिवून आन.” डब्याबद्दल त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आईला चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्याकडून जेवढं मिळालं, त्यात हे बरंच मोठं होतं असं ती पुढे मला सांगायची.

जयवंतराव ठरल्या दिवशी आले आणि सोबत नामदेवला घेऊन आले. नामदेव एक पाय जरा ओढत चालत होता. त्याला बघताच बादलचे कान उभे राहिले आणि नामदेव जीपच्या मागं झाला. तात्यांनी सगळं समजावून सांगितलं, चाचा बाही चढवायला लागले, तेवढ्यात जयवंतराव म्हणाले, “तुमच्या मानसाला वळखतंय ते. आमचा नामा लपू द्या.” तात्या म्हणाले, “ज्याला भ्याव वाटतंय त्याला मी खोपीत घालनार न्हाय.” जयवंतराव म्हणाले, “मग नेऊन काय करू? पोल्ट्रीवर ह्याच्याच संगं ऱ्हायचंय त्याला. डॉक्टरला सांगूनच आलोय मी.”  नामदेव बादलकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता. शेवटी तो म्हणाला, “बसतो मी. न बसता ह्याला मारलं तर माज्या नावावर जाईल ते.” मला त्या क्षणी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. एरवी मी त्याच्यावर मनातून चिडले होते, ते सगळं तिथंच गेलं.

चाचांनी त्याच्या हातात बाही चढवली, हलायचं नाही, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, असं सांगितलं. डब्याचं मात्र जयवंतराव शेजारी उभे असल्यामुळे कुणालाच बोलता येईना. कुत्रं माशावर भुंकतं म्हणून सांगितलं असतं, तर त्यांनी तिथंच तोंड फिरवलं असतं. आई आपली नेहमीसारखी आली, नामदेवच्या मोकळ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, “उपाशी बसू नगा, भाऊ.” तेवढ्यावर आम्ही सगळ्यांनी भिस्त ठेवली. चाचांना रोजच्या सवयीनं वाटलं, घास काढेल आणि बादलला देईल. मलाही तेच वाटलं. नामदेव कालव्याच्या कडेनं गेला आणि पाचव्या खोपीत दिसेनासा झाला. तात्यांनी वास स्थिर व्हावा म्हणून थोडा वेळ जाऊ दिला. तात्यांची ही पद्धतच होती, पण त्या दिवशी तो वेळ मला संपता संपेना.

मी पट्टा सोडला. बादलनं पहिल्या खोपीला वळसा घातला, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्या खोपीपाशी जरा अडखळला आणि मान वळवून वारा घेतला. मग पाचव्या खोपीच्या पलीकडे गेला आणि भुंकायला लागला. एक, दोन, तीन, थांबेचना. तात्यांनी जयवंतरावांकडे बघितलंही नाही, नुसती मान हलवली, आणि मी ठरल्याप्रमाणे पट्टा घेऊन सावकाश चालायला लागले. पळायचं नसतं, पळालं की कुत्रं बिथरतं. मी निम्म्या वाटेवर असताना भुंकणं बंद झालं.

शांतता वाईट. बादल गप्प झाला म्हणजे त्याच्या तोंडात काहीतरी आहे, हे आम्हाला पहिल्या पंधरवड्यात पाठ झालं होतं. मागून आई “मंगल!” म्हणून ओरडली. मी पळाले. कायदा मोडून, साडी वर धरून पळाले. खोपीच्या तोंडाशी पोचले तर नामदेव पाचटाला पाठ चिकटवून बसलेला. बाहीचा हात छातीशी, आणि दुसऱ्या हातात डबा. डबा रिकामा. पाहुण्यानं ताटात टाकू नये, एवढं वळण त्यालाही होतं. त्यानं घाबरत घाबरत दोन्ही भाकऱ्या आणि मासा, काट्यांपर्यंत सगळं संपवलं होतं. “संपली रं बाबा,” तो बादलला सांगत होता, पुन्हा पुन्हा, रडवेल्या आवाजात. “समदी खाल्ली म्या. न्हाय उरली.”

बादल त्याच्या अगदी पुढ्यात होता. त्यानं डब्यात तोंड घालून बघितलं. मग नामदेवच्या तोंडाकडे बघितलं. मी पट्टा अडकवायला वाकले तोच नामदेवनं डबा खाली ठेवला आणि तेलामसाल्यानं माखलेला रिकामा हात तसाच, उघडा, पुढे केला. द्यायला काही नाही हे दाखवायला असेल. बादलनं तो हात तोंडात घेतला.  

“काय झालं रं, नामा?” जयवंतराव बांधावरून ओरडले. “चावलं का?”

नामदेवनं डोळे गच्च मिटले होते. ते त्यानं हळूहळू उघडले आणि आपल्या हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

“न्हाय, मालक,” तो म्हणाला. “बोटं चाटतंय.”

मागून तात्या, चाचा, आई सगळे येत असल्याचे आवाज आले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसतही नव्हते. मी बादलच्या गळ्याकडे पट्टा नेला, तसा नामदेवनं बाहीचा हात मध्ये घातला.

“ऱ्हाऊ द्या जरा, ताई,” तो म्हणाला. “अजून एक बोट ऱ्हायलंय.”